फक्त चढणीचे बाण

बाणवाल्याचं खरं नाव त्याच्या बायकोलासुद्धा एखादा फॉर्म भरायची वेळ आली की आठवायचं. एरवी सगळ्या गावाला तो बाणवाला. थंड हवेचं गाव, सुट्ट्यांत माणसांनी फुलणारं आणि बाकीचं वर्षभर जांभया देणारं. गावाभोवतीच्या डोंगरांत फिरायला पाच पायवाटा होत्या आणि त्या वाटांवर दगडांवर, झाडांच्या बुंध्यांवर जे रंगीत बाण होते ते सगळे यानेच काढलेले. बसस्टँडवर पर्यटन कार्यालयाच्या खिडकीशेजारी ‘शिफारस केलेल्या पायवाटा’ असा मोठा फलक होता, तोही याच्याच हातचा. शिफारस नेमकी कोणी केली हे कधी कुणी विचारलं नाही, हे नशीबच म्हणायचं. कारण शिफारस करणारे हे गृहस्थ कोपऱ्यावरून काडेपेटी आणायलाही शेजाऱ्याची स्कूटर मागत.

हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा, आणि तेही मिटक्या मारत. “मला चालण्याची फार आवड आहे,” तो म्हणे, “दुसऱ्यांच्या.”

मूळचा तो पाट्या रंगवणारा. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, ‘येथे वाहने उभी करू नयेत’ अशा. अक्षर देखणं होतं. पण छापील फलक आले आणि हाताने रंगवलेली पाटी दिसली की दुकान डबघाईला आलंय असं लोक समजायला लागले. नेमक्या त्याच वेळी पर्यटन कार्यालय वाटांवर खुणा करायला माणूस शोधत होतं. ज्यांना डोंगर माहीत होते त्यांना ब्रश धरता येत नव्हता. याला ब्रश धरता येत होता आणि डोंगर लांबून माहीत होते. दुरून डोंगर साजरे ही म्हण आपल्यासाठीच कुणीतरी करून ठेवली आहे असं त्याला वाटायचं. पण घर तर चालायला हवं. अडला हरी, त्याने रंगाचा डबा उचलला.

वाटांची प्रतवारीही त्यानेच लावली. ज्या वाटेवर चढताना शीळ घालता आली ती ‘सोपी’. जिथे शीळ बंद पडली ती ‘मध्यम’. जिथे डबा दरीत फेकून द्यावासा वाटला ती ‘कठीण’. वर पोचायला लागणारा वेळही त्याने स्वतःच्या चालीवरून लिहिला, त्यात थांबून बाण रंगवणं, रंग वाळेपर्यंत बसणं आणि बसल्या बसल्या लागलेली डुलकी हे सगळं धरलेलं. त्यामुळे झालं असं, की येणारे पाहुणे फलकावर दिलेल्या वेळेच्या निम्म्यात वर पोचायचे आणि स्वतःवर बेहद्द खूश व्हायचे. साठीच्या बायका खिडकीवर येऊन सांगायच्या, आम्ही किती लवकर चढलो. खिडकीत बसणाऱ्या बाई म्हणायच्या, “बाणवाले, तुमच्या आळसाने लोकांचं आयुष्य वाढतंय हो.”

तक्रार एकच होती, आणि ती काही केल्या संपत नव्हती. लोक वर व्यवस्थित पोचत. खाली येताना मात्र हरवत. कुणी पलीकडच्या वाडीत उतरे, कुणी पाण्याच्या टाकीमागे, एक जोडपं तर थेट हॉटेलाच्या मागच्या धोबीघाटात चादरींमधून प्रकट झालं होतं. बाणवाल्याची बायको त्याच धोबीघाटात कामाला. तिने त्यांना चहा पाजून मार्गी लावलं आणि घरी येऊन नवऱ्याला ऐकवलं. बाणवाल्याने यावर एक सिद्धांत मांडला होता: शहरातल्या माणसाला वर जाताना अक्कल असते, खाली येताना ती वरच राहते. पर्यटन कार्यालयाच्या साहेबांना हा सिद्धांत पटला होता. साहेब स्वतः एकदा पिवळ्या बाणांची वाट बाणवाल्याबरोबर चढून तपासून गेले होते आणि सगळं चोख आहे म्हणाले होते.

बाणवाल्याला तक्रारींचं फारसं काही वाटायचं नाही. त्याला वाटायचं ते एकाच माणसाचं, आणि ते माणूस लांब, खाली सपाटीवरच्या गावात शिवणयंत्रावर बसलेलं होतं. त्याची ताई.

आई गेली तेव्हा हा शाळेतही जात नव्हता. ताईने याला वाढवलं. दिवसभर शाळेचे गणवेश शिवून, त्यातल्याच उरलेल्या तुकड्यांच्या याला चड्ड्या शिवून. पुढे हा मोठा झाला, पाट्यांचं दुकान काढलं, ते बुडालं, आणि एक दिवस ताई बोलली, “आधी पोटापुरतं काहीतरी कर, मग मोठमोठ्या गप्पा मार.” बोलली ती काळजीने. याला ते झोंबलं. “काहीतरी करून दाखवीन तेव्हाच या घराचा उंबरा ओलांडीन,” असं एखाद्या नाटकातल्यासारखं वाक्य टाकून हा बाहेर पडला, तो वर येऊन स्थिरावला. लग्न इथेच झालं, ताई येऊन अक्षता टाकून त्याच दिवशी गेली. त्यानंतर बायको दरवर्षी लेकीला घेऊन ताईकडे जाऊन यायची. हा जायचा नाही. सिझन आहे, रंग वाळायचाय, साहेब येणार आहेत. खरं कारण असं की दाखवण्यासारखं काही अजून झालंय असं त्याला वाटत नव्हतं. फोनवर मात्र तो सांगायचा, “ताई, इथले सगळे डोंगर माझ्या हाताखाली आहेत.” पलीकडून यंत्राची खटखट थांबायची, ताई “हं” म्हणायची आणि यंत्र परत सुरू व्हायचं. त्या “हं”च्या पुढचा एखादा शब्द ऐकायला तो पन्नाशी उलटून गेल्यावरही तरसत होता. एकदा ताईने म्हणावं, छोट्या, छान केलंस. बस्स.

तर ती ताई यंदा स्वतःच आली. न कळवता. बसमधून उतरली, हातात एक पिशवी, आणि फलकासमोर उभी राहून तो वरपासून खालपर्यंत वाचत होती तेव्हा खिडकीवाल्या बाईंनी तिला ओळखलं, कारण नाक अगदी बाणवाल्याचंच.

“काय गं ताई, एकदम?” हा पळत आला. म्हणजे स्कूटरवर पळत आला.

“तू येत नाहीस, म्हणून म्हटलं आपणच जावं. ही वाट मला दाखव.” तिने पिवळ्या बाणाच्या कड्याच्या वाटेवर बोट ठेवलं. शेजारी याच्याच अक्षरात लिहिलं होतं: मध्यम.

“ताई, तुझे गुडघे.”

“गुडघ्यांचं मी बघते. तू बाण दाखव.”

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता करून दोघं निघाली. बायकोने ताईला आपले कॅनव्हासचे बूट दिले. बाणवाला पुढे, ताई मागे. पहिला बाण आला, तो जरा बाजूला सरकला, म्हणजे ताईला नीट दिसावा. ताई थांबली, बाणावरून अंगठा फिरवला. “हं.” दुसरा बाण. “हं.” याने मनातल्या मनात त्या हुंकारांची छाननी सुरू केली. तिसरा जरा लांबला का? त्यात कौतुक होतं की दम लागला होता? एका वळणावर त्याने झाडाच्या बुंध्यावर फार सुंदर बाण काढला होता, त्याला सावलीसुद्धा दिली होती. तिथे ताई काहीच म्हणाली नाही, पाणी प्यायली. बाणवाल्याला वाटलं, एवढी सावली दिली आणि मिळालं काय, तर एक घोट पाणी. तेही ताईलाच.

पण ताई चढली. एकदाही चुकली नाही, एकदाही “अजून किती” म्हणाली नाही. शेवटी शेवटी तर तीच पुढे आणि हा मागे धापा टाकत. वर कड्यावर वारा होता, कठडा होता, पत्र्याची चहाची टपरी होती आणि दुसऱ्या बाजूने तिथपर्यंत येणारा गाडीरस्ता होता. ताई कठड्याला टेकून खालची दरी बराच वेळ बघत राहिली. बाणवाला चहा घेऊन आला आणि आता काहीतरी बोलेल म्हणून बशीकडे बघत उभा राहिला.

“चहात साखर जास्त आहे,” ताई म्हणाली.

हरकत नाही, त्याने स्वतःला समजावलं. गाडीत बोलेल. कारण वरून परतायचं ते टपरीवाल्याच्या जीपमधून, असा त्याचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता होता. पाचही वाटा कुठे ना कुठे गाडीरस्त्याला लागायच्या. हा बाण काढत वर चढायचा, घामाघूम व्हायचा, आणि पाठीला डबा बांधून पुन्हा चालत उतरायला आपण काय खुळे आहोत का, असं म्हणून मिळेल त्या गाडीत बसायचा.

“जीप कुठाय?” त्याने टपरीवाल्याला हळूच विचारलं.

“आज नाही. खाली रस्त्यावर डांबर टाकतायत. उद्यापर्यंत गाडी सोडत नाहीत, माणसालाही सोडत नाहीत.” आणि मग, ताईला ऐकू जाईल अशा आवाजात, “तुम्हाला कशाला हवी जीप? तुमचीच वाट आहे की. टाका ढांगा आणि उतरा!”

“हो, हो,” बाणवाला म्हणाला. “म्हणजे काय. माझीच वाट.” तोंडाने असं म्हणाला खरा. तो ही वाट आजवर एकदाही उतरला नव्हता.

पहिला उतार सरळ होता. मग एक गवताळ माळ लागला आणि त्यातून गुरांनी पाडलेल्या तीन-चार वाटा फुटल्या. बाणवाल्याने बाण शोधला. दिसेना. शहरातल्या पोरांनी खरवडून काढला असणार, असं म्हणून त्याने छाती काढून मधली वाट धरली. ती एका डबक्यापाशी जाऊन संपली, तिथे एक म्हैस बसलेली होती आणि तिने यांच्याकडे पाहून मान वळवली. दोघं परत आली. मग डावी वाट. ती झुडपांत शिरली आणि झुडपांच्या पलीकडे जमीनच नव्हती. बाणवाल्याने ताईचा हात धरून तिला मागे ओढलं.

ताई एका दगडावर बसली. “छोट्या, खरं सांग. तुला वाट माहीत नाही?”

“माहीत आहे गं,” तो म्हणाला. “फक्त चढणीची.”

ताईने गुडघे चोळले, आपण आलो कुठून ते बघायला मान वळवली आणि तशीच थांबली. “हा काय बाण.”

त्याने वळून पाहिलं. ज्या दगडाला ओलांडून ती दोघं मघाशी माळावर आली होती, त्याच्यापलीकडे वर एक मोठा खडक होता, आणि त्या खडकाच्या उताराकडच्या अंगावर पिवळाधम्मक बाण, वर बोट दाखवत. वर जाऊन पाहिलं तर खडकाची वरची बाजू, म्हणजे उतरणाऱ्याला दिसणारी, कोरी करकरीत. बाणवाला धावत पुढच्या झाडापाशी गेला. बुंध्याच्या खालच्या बाजूला बाण, वरच्या बाजूला नुसती साल. त्याच्या पुढच्या दगडालाही तेच. तो चढताना जी बाजू समोर यायची तिच्यावर ब्रश मारत गेला होता. दुसरी बाजू असते, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं, कारण दुसऱ्या बाजूने तो कधी आलाच नव्हता. पाच वाटा, इतकी वर्षं, इतके डबे रंग, आणि सगळे बाण फक्त वर नेणारे. चादरींतून प्रकट झालेलं ते जोडपं त्याच्या डोळ्यांसमोर आलं. शहरातल्या माणसाच्या अकलेचा सिद्धांतही आला आणि मुकाट्याने याच्याच गळ्यात येऊन पडला.

“दिव्याखाली अंधार म्हणतात तो मी,” तो म्हणाला. “ताई, माझा पुतळा बसवा इथे. पाठमोरा.”

ताई हसली नाही. “मी साधा परकर शिवला तरी उलटा करून बघते, मग गिऱ्हाइकाला देते. तू डोंगर दिलेस लोकांना आणि एकदाही उलटून पाहिलं नाहीस?” तिचा आवाज चढला. “तुझं हे असंच आहे. घरातून गेलास तेव्हाही असाच गेलास. परत यायचं म्हणून काही असतं, हे तुझ्या डोक्यातच येत नाही. मी इकडे वर्ष वर्ष दाराकडे बघत बसायचं. तुझी बायको येते, लेक येते. माझा भाऊ मेलाय का?”

बाणवाला गवतात बसला आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला लागला. त्याला फार वाईट वाटलं, आणि ते लपवायला आसपास काहीच नव्हतं.

“काहीतरी दाखवण्यासारखं झालं की येणार होतो,” तो शेवटी म्हणाला.

“मला काय प्रदर्शन भरवायचं होतं?” ताई उठली. “चल. मी या बाणापाशी उभी राहते. तू पुढे जा, मागे वळून बघ. मागे नवा बाण दिसला तर वाट बरोबर. नाही दिसला तर परत ये.”

तसं करत करत ती दोघं उतरली. ताई एका बाणापाशी उभी, हा झुडपांत शिरून पुढे जायचा, मागे वळायचा. “दिसला?” ताई वरून ओरडायची. “नाही!” “मग परत ये!” पुन्हा दुसरीकडे. “दिसला?” “दिसला!” मग ताई सावकाश त्याच्यापर्यंत यायची आणि हा पुढचा शोधायला पळायचा. खरोखर पळायचा. कधी घसरायचा, कधी काट्यात शर्ट अडकायचा. एकदा तो मागे वळून बघता बघता उलटाच चालायला लागला आणि सपशेल बसला एका खड्ड्यात. वरून ताईने विचारलं, “दिसला का?” आणि खड्ड्यातून हा म्हणाला, “आकाश दिसतंय!” तेव्हा मात्र ताई खो खो हसली. तोंडावर हात धरून, लहानपणी हसायची तशी. तो खड्ड्यातच बसून ते ऐकत राहिला. तिचं हसणं त्याने किती वर्षांत ऐकलं नव्हतं हे त्याला तेव्हा कळलं.

सूर्य कलला तेव्हा दोघं खाली पोचली. बायको वाटेच्या तोंडाशी उभी होती. “हरवलात की काय?”

“हो,” बाणवाला म्हणाला. “माझ्याच वाटेवर. आता मीही शहरातला झालो.” आणि सगळी हकीकत ऐकून बायको पोट धरून तिथल्या बाकावरच बसली.

दुसऱ्याने सांगण्याआधी आपणच सांगितलेलं बरं, म्हणून त्याने रात्रीच्या जेवणाआधीच चहावाल्याला, न्हाव्याला आणि खिडकीवाल्या बाईंना सांगून टाकलं. सकाळी ब्रश घेऊन फलकाच्या तळाशी लाल रंगात एक सूचना लिहिली: ‘बाण फक्त चढणीचे आहेत. उतरताना गाडीरस्त्याने यावे. परतीचे बाण लवकरच.’ अक्षर नेहमीसारखं देखणं आलं होतं. खिडकीवाल्या बाई म्हणाल्या, “साहेबांना काय सांगू?”

“सांगा, बाणवाला गाढव आहे. आणि रागावलेच, तर आठवण करून द्या, तपासणीच्या दिवशी तेही माझ्याबरोबर जीपमधूनच उतरले होते.”

मग तो ताईला बसवर सोडायला आला. बस लागली होती. पिशवी हातात धरून तो दाराशी उभा राहिला आणि एकदम विचारून बसला, “ताई, काम कसं वाटलं ते तू सांगितलंच नाहीस.”

ताई पायरी चढून आत गेली. याच्यामागे बायको उभी होती. तिने आणखी एक पिशवी त्याच्या हातात दिली. वर त्याचाच निळा शर्ट दिसत होता.

“हे काय?”

“चार दिवस जाऊन या,” बायको म्हणाली. “आमचं ठरलंय. तुम्हाला कुणी विचारलं नाही.”

“अगं, पण तो रंग, ते बाण...”

“बाण कुठे पळून जात नाहीत. तुमच्यासारखे थोडेच आहेत ते.”

आतून ताईचा आवाज आला, “कंडक्टर, दोन द्या.”

तो चढला. ताईने खिडकीची जागा त्याच्यासाठी ठेवली होती. बस सुटली. पलीकडच्या बाकावर सुट्टी संपवून निघालेल्या एक बाई होत्या, मैदानासारखी मोठी टोपी घातलेल्या. त्या ताईला म्हणाल्या, “आम्हाला डोंगरात फिरायचं राहूनच गेलं बघा. लोक हरवतात म्हणे तिथे.”

“छे,” ताई म्हणाली. “वर जायला काहीच भीती नाही. ते बाण माझ्या भावाने काढलेत. मी या गुडघ्यांनी चढले, एकदासुद्धा चुकले नाही. इतके छान काढलेत, एकाला तर सावलीपण दिलीय.”

“आणि उतरताना?”

ताईने बाणवाल्याकडे पाहिलं. “उतरताना भाऊ बरोबर लागतो.”

त्याने ताईची पिशवी आपल्या मांडीवर घेतली आणि बस घाट उतरून सपाटीला लागेपर्यंत ती दोन्ही हातांनी धरून बसून राहिला.